आतली कडी

ता. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद नेहमीचेच, ते मोजून पाठवत नाही. वि. वि. राहू दे बाजूला, सरळच विचारते. पोरांचे फोन कपाटात कोंडून तुमच्या त्या नाटकाच्या सरांना काय मिळतं? चार दिवस तुझा फोन बंद लागला आणि मी कारखान्यात मशीन थांबवून नुसती बसले. मुकादम बाई येऊन विचारून गेली, घरी कोणाचं काही झालं का म्हणून. मग तुझ्या खोलीतल्या मुलीचा निरोप आला, नाटक होईपर्यंत फोन नाही, पत्र चालेल. पत्र चालेल म्हणे. जसं काही चौथीत शाळा सुटल्यापासून मी पत्रंच लिहीत बसले होते. अक्षर लागलं नाही तर डोळे फाडून वाच, पण हसायचं नाही.

इकडे सगळं आहे तसंच. कुठल्याशा हॉटेलची उशांची मोठी ऑर्डर आलीय. दिवसभर उशांची तोंडं शिवते. नाकात कापूस, कानात कापूस, घासातही कापूस. एक दिवस मीच उशी होऊन घरी येईन आणि तुझी मावशी मला डोक्याखाली घेईल.

मावशी बरी आहे. म्हणजे बोलत नाही, खाते, खिडकीशी बसते, बाहीचा दोरा काढून बोटाला गुंडाळत राहते. सगळ्या बाह्या उसवून झाल्या. कामावर जाताना मी तिच्या खोलीला बाहेरून कडी घालते, दुपारी शेजारची ताई उघडून जेवण देते आणि परत लावते, संध्याकाळी आल्या आल्या मी काढते. हे तुला ठाऊकच आहे, नवीन काही नाही. नवीन एवढंच की घरात चोरी चालू झालीय. शिवणाच्या मशीनचं तेल संपत आलं, आणि घरचं मशीन तर मी कितीतरी दिवसांत उघडलंही नाही. मांजर पीत असेल तर तिची आतडी छान चालत असतील.

तू नाटकात कोण आहेस ते लिही. राणी असलीस तर शेजारणीला सांगायला बरं. दासी असलीस तरी मी राणीच सांगणार. आणि जेवत जा. मावशीचं बिघडलं तेव्हा तीसुद्धा तुझ्याच वयाची होती, अशाच कॉलेजात, गाण्याच्या मंडळात. मी मुद्दाम आठवण काढत नाही, ती आपली येते.

आईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस,
तुझी आई


ता. ८ फेब्रुवारी

ती. आई,

सा. न., आणि कापूस झटकून घेतलास असं समजून एक मिठी. विशेष म्हणजे मी राणीही नाही आणि दासीही नाही. शेजारच्या ताईला काय सांगायचं ते तूच ठरव.

आमची तालमीची जागा म्हणजे कला विभागामागची जुनी सायकली ठेवायची शेड. कलासप्ताह जवळ आला की सगळं विद्यापीठ असल्या जागांवरून भांडत असतं. पलीकडे गाण्याची पोरं एकच ओळ सकाळपासून घासतात, चित्रकलेवाल्यांनी जिन्यावर ओली चित्रं वाळत टाकलीत, त्यामुळे माझ्या एका बुटाला निळा रंग आहे आणि कुणाच्या तरी समुद्रावर माझा पाय.

सरांकडे लिहिलेलं नाटक नसतं. प्रत्येकानं आपल्या घरातलं एक माणूस आणायचं. त्याचं चालणं, त्याचे हात, त्याचं गप्प बसणं. त्यातून नाटक उभं राहतं. आमच्यातला एक फार उंच आहे, त्याला आम्ही उंट म्हणतो, त्यानं त्याचे आजोबा आणलेत. ते खोकले की आम्ही सगळे त्यांना पाणी द्यायला धावतो, मग आठवतं की हा उंट आहे. मी एक बाई आणलीय. खोलीत असते. कोण ते तू ओळखशील. आई, रागावू नकोस.

सरांचा आणखी एक नियम आहे. त्या माणसाच्या तोंडून एक पत्र आपल्या घरी लिहायचं, म्हणजे ते माणूस अंगात मुरतं. माझं पुढचं पाकीट तसलं असेल. ती मी नाही, नाटकातली बाई आहे. घाबरू नकोस, उत्तर लिहू नकोस. मनातल्या मनात वाच आणि ठेवून दे.

मावशीला माझा नमस्कार सांग. तुझा राग आणि लोभ दोन्ही मला हवेत.

तुझी
भिंगरी


ता. ११ फेब्रुवारी

जी कोणी हे वाचेल तिला,

मी खोलीत आहे. खोली चांगली आहे, खिडकी आहे, खिडकीत झाड आहे. सकाळी पावलं येतात, थांबतात, मग कडी. कडीचा आवाज आधी दातांत होतो, मग कानात. त्यानंतर घर माझं नसतं.

मी वाईट काही केलं नाही. एकदा चालत गेले होते, जरा लांब. माझ्यावर माया आहे त्यांची. मायेनंच लावतात. मायेची कडी असली तरी लोखंडाचीच असते.

तुम्ही या वाटेनं गेलात तर माझं दार वाजवा. उघडू नका हवं तर, नुसतं वाजवा. सगळ्यांच्या दारावर लोक वाजवतात आणि आतून विचारतात, कोण आहे. माझं दार कोणी वाजवत नाही. ते बाहेरूनच उघडतं.

मी वाट बघते. दुसरं काही काम नाही.


ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद आहेत, पण आज रागानं देतेय, तसेच घे.

मनातल्या मनात वाच म्हणून लिहिलंस. अगं, मला मनात वाचता येतं का? बोट ठेवून, मोठ्यानं, अक्षराला अक्षर जोडत वाचते मी. लहानपणी तू त्याचीच नक्कल करायचीस, विसरलीस इतक्यात? कामावरून आले, मावशीची कडी काढली, दिव्याखाली बसले आणि लागले वाचायला. अर्ध्यात आले तेव्हा वाटलं मागे कोणी आहे. तुझी मावशी, भिंतीला टेकून. तिचा चेहरा बघून माझं बोट ओळीवरून घसरलं. तिनं कागदाकडे हात केला, वाच म्हणून. आणि मी मूर्खासारखं वाचलं, शेवटपर्यंत.

मग ती बोलली. हो आणि नको, याच्या पलीकडे इतक्या वर्षांत मी काही ऐकलं नव्हतं. तिनं विचारलं, ती बाई कुठे आहे. मी सांगितलं की अशी कोणी बाई नाही, तुझ्या भाचीनं नाटकासाठी रचलंय. तर मान हलवते आणि म्हणते, भाचीला हे कुठून कळणार, तिला तर कोणी कधी कोंडलं नाही. म्हणजे कुठेतरी खरीच कोणी आहे.

त्या दिवसापासून घराची झोप उडालीय. ताटातलं अर्धं बाजूला काढते, त्या बाईसाठी. स्वतःच्या चपला शोधते. सकाळी मी कडी घातली की आतून विचारते, तिच्याकडे कोणी गेलं का. काल तर कहर झाला. दुपारी शेजारच्या ताईनं दार उघडलं, तशी ही तिच्या काखेखालून निसटली ती थेट रस्त्यापर्यंत, हातात ताट. ताई बिचारी अनवाणी मागे पळाली आणि धरून आणली. मला हे संध्याकाळी कळलं.

तुला काय वाटलं, मी हौसेनं कडी घालते? तू तेव्हा लहान होतीस. ती चालत गेली आणि सापडली कालव्याच्या काठावर, पाय सोललेले, नाव विचारलं तर नाव सांगता येईना. लोक म्हणाले, आणखी एक पाऊल टाकलं असतं तर पाण्यात होती. ते एक पाऊल मी अजून रोज मोजते. आता ती परत निघेल, त्या बाईला शोधायला. आणि ती बाई तर कुठेच नाही. म्हणजे ही चालतच राहील. कळतंय का तुला?

आणि दुसरी भीती तोंडानं काढवत नाही, कागदावर काढते. ते पत्र तू लिहिल्यासारखं वाटलं नाही. कडीचा आवाज दातांत होतो हे तुला कोणी सांगितलं? मावशीचंही असंच सुरू झालं होतं. गाण्यातली माणसं खरी वाटायला लागली होती तिला. मी शाळा सोडून तिला शिकवली. शिकायला पाठवलं ते माणूस परत आलंच नाही, नुसतं अंग आलं. तुलाही मीच पाठवलंय. नाटक सोड आणि घरी ये. आपल्या घरातलं चव्हाट्यावर मांडलंस याचा राग आहेच, पण राग नंतर.

माया आहे म्हणून तर शिव्या देते,
आई


ता. १९ फेब्रुवारी

ती. आई,

सा. न. तुझं पत्र शेडच्या पायरीवर बसून वाचलं. मीही बोट ठेवून वाचलं, तुझ्यासारखं.

मला कोणी कधी कोंडलं नाही असं मावशी म्हणाली. तुला सांगायला हवं ते सांगते. लहानपणी दुपारी मी तिच्या पलंगाखाली लपून राहायचे. ताई जेवण देऊन कडी लावून जायची तेव्हा मी आत असायचे, आणि संध्याकाळी तू कडी काढून स्वयंपाकाला लागलीस की हळूच बाहेर यायचे. मजा वाटायची, कडी पडेपर्यंत. कडी पडली की मावशी माझ्या कानांवर हात ठेवायची. कान बंद असले की तो आवाज दातांत होतो. म्हणून मला ठाऊक आहे. मावशी हे विसरली की मला वाचवायला तसं म्हणाली, मला कळत नाही.

मलाही भीती वाटते. परवा कॅन्टीनमध्ये उंट काहीतरी विनोद सांगत होता, मी हसत होते, आणि चिमणीनं माझा हात धरला. चिमणी म्हणजे नाटकात दुसऱ्या बाईचं काम करते ती. माझ्या बाहीचा दोरा बोटाला आवळलेला होता, बोट पांढरं. कधी गुंडाळला मला माहीत नाही. सरांना सांगितलं. ते म्हणाले, थांबायचं असेल तर थांब, चिमणी करेल तुझं काम, नाटकापेक्षा तू महत्त्वाची. मी हो म्हणणारच होते.

पण नाटकाला शेवट नाहीये, आई. सगळे मला विचारतात, एके दिवशी कडी घातलीच नाही तर ही बाई काय करेल? मी म्हणते, ठाऊक नाही, आमच्या घरात तसं कधी झालं नाही. सर म्हणतात मग दार बंद ठेवून दिवे मालवू. ते मला खोटं वाटतं, आणि उघडं दार लिहिलं तर तेही खोटंच. कलासप्ताह दोन मार्चला सुरू होतो, पहिलंच नाटक आमचं.

नाटकाचं जाऊ दे. मी तुला विचारते. कडी घातली नाही तर मावशी काय करेल?

रागावलेली असलीस तरी माझीच राहा,
भिंगरी


ता. २३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. अंगावर लोकरीचं काही घालत जा, आणि लांब बाह्यांचं घालू नकोस.

तू आत असायचीस हे मला माहीत नव्हतं. शेजारणीला जाब विचारला तर मलाच म्हणते, तुझी पोरगी सशासारखी बसायची, मला काय स्वप्न पडणार. तिच्याशी भांडून झालं. मग तुझ्या प्रश्नाचा संताप आला. म्हटलं, असं काय आहे त्या आवाजात, की मायलेकींनी एकमेकींना पत्रं लिहावीत? सुट्टीच होती. ताईला म्हटलं, मी आत बसते, तू बाहेरून कडी लाव, आणि भांडं घासायला लागेल तेवढ्या वेळानं येऊन काढ. ती म्हणाली, तुम्हा बहिणींत एकीचं डोकं गेलंय, आता दुसरीचंही. पण लावली.

काय सांगू. मी ती कडी हजार वेळा घातली असेल. माझ्या हातात तिला आवाजच नव्हता. आतून ऐकली आणि माझी मान आपोआप खांद्यात गेली.

पहिल्यांदा बरं होतं. खोली बघितली. चादर स्वच्छ, मीच धुते. दाराला आतूनही एक कडी आहे, ती तुझ्या बाबांनी शेवटचा रंग दिला तेव्हापासून रंगात गोठून बसलीय. हात लावला तर बोटाला काळं लागलं. गंज, दुसरं काय. मावशी पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती, पाहुणी आल्यासारखी. मग ताई येईना. तिच्या जावयाचा फोन आला आणि ही बया मला साफ विसरली. आधी मी हाक मारली. मग दारावर थापा मारल्या. मग, खोटं कशाला सांगू, रडायला आलं. पाणी आत होतं, हवा होती, ताई भिंतीपलीकडे होती, आणि तरी मला वाटलं आता इथंच संपलं. उशीत कोंबलेल्या कापसासारखं झालं बघ. वरून शिवून टाकलेलं.

तेव्हा तुझी मावशी उठली. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, ओरडू नकोस, ओरडलं की उशीर करतात.

मी तिथंच खाली बसले. पुढं काय झालं ते लिहीत नाही. ताई आली, उघडलं, हसली, माझं तोंड बघून हसायची थांबली.

आता मला काही विचारू नकोस. तिनं काय करावं, मी काय करावं, मला माहीत नाही. कडी काढली तर कालवा आहे. कडी घातली तर ते वाक्य आहे. दोन्हींच्या मध्ये मी दाराशी उभी असते आणि कामाला उशीर होतो.

तुझं बोट कसं आहे ते लगेच कळव. आणि असा लोभ कोणी करत असेल का, मला ठाऊक नाही, पण मला असाच येतो.

आई


ता. २७ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

हे कारखान्यात लिहितेय, उशांच्या ढिगावर कागद ठेवून. कागद आत जातो, अक्षरं वाकडी येतात. आशीर्वाद त्यातूनच शोधून घे.

आज कडी घातली नाही. ठरवून वगैरे नाही. सकाळी हात वर गेला आणि राहिला तसाच. आतून ती विचारेल म्हणून थांबले, तिच्याकडे कोणी गेलं का. विचारलं नाही. ती आवाजाची वाट बघत होती. मी बाहेरून म्हटलं, मी जाते, आज दार नुसतं लोटलेलं आहे, रस्त्याचंही. एवढं बोलून निघाले. ताईला सांगायला गेले तर ती गावाला गेलीय, आजच. मला परत फिरायला हवं होतं. फिरले नाही. बसमध्ये बसले आणि कारखान्याच्या थांब्यावर उतरायचंच विसरले, पुढच्या थांब्यावरून मागे चालत आले.

आता दुपार झालीय. सकाळपासून तीन उशा वाकड्या शिवल्या, एकीत स्वतःच्या बाहीचं टोक शिवलं. मुकादम बाई म्हणाली, तुझं लक्ष कुठाय. मी म्हटलं, कालव्यावर. तिला वाटलं चेष्टा करतेय. प्रत्येक वेळी फाटकाशी कोणी आलं की मला वाटतं मलाच सांगायला आलंय. तुझ्या पत्रातली बाई कोण ते मला कळलं आता. ती मी आहे, आज तरी. वाट बघते, दुसरं काही काम नाही.

पाच वाजेपर्यंत थांबवत नाही. पोटात दुखतंय म्हणून सांगते आणि निघते. उरलेलं घरी जाऊन लिहीन. लिहिण्यासारखं असलं तर.

लिहितेय.

बसथांब्यापासून पळत आले. माझ्या वयाला शोभत नाही, रस्त्यातल्या पोरांनी शिट्टी वाजवली. रस्त्याचं दार सकाळी लोटलं होतं तसंच. तिच्या चपला मी उंबऱ्याजवळ ठेवते, त्या नव्हत्या. मी तिच्या खोलीचं दार ढकललं, ते उघडेना. परत ढकललं. बाहेरची कडी तर माझ्या डोळ्यासमोर लोंबत होती, मोकळी. डोकं चालेना. मला वाटलं ती आत पडलीय, दाराला अडून. मी तिच्या नावानं ओरडले, खांद्यानं धडक दिली.

आतून आवाज आला, कोण आहे.

मी म्हटलं, कोण म्हणजे, मी आहे, उघड. तर म्हणाली, वाजव.

भिंगरी, माझ्या घरात, माझ्याच दारावर मी वाजवलं. बोटं दुमडून, नीट, परक्याच्या दारावर वाजवतात तसं. ती म्हणाली, थांब. आणि मला उभं केलं. किती वेळ ते ठाऊक नाही, मला तर जन्म वाटला. आत ती खुर्ची सरकवत होती, काहीतरी आवरत होती, कसली घाई नव्हती तिला.

मग दार उघडलं. कडीचा आवाज आला नाही. अजिबात आला नाही, कारण मशीनचं सगळं तेल त्या आतल्या कडीत गेलं होतं. माझ्या बोटाला लागला तो गंज नव्हता. किती दिवस लावत होती कोण जाणे, मी संध्याकाळी स्वयंपाकात असताना कुपी उचलायची आणि जागेवर आणून ठेवायची. आणि मी मांजराला दोष दिला.

पायात चपला होत्या तिच्या. म्हणजे निघाली असेल, उंबऱ्यापर्यंत तरी, आणि परत फिरली असेल. का फिरली ते मी विचारलं नाही. कडी तिनं लावली, तिनं काढली, त्यात मी बोलणारी कोण. टेबलावर अर्धं ताट झाकून ठेवलेलं. तिनं माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, ती बाई आली का म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, येणार आहे, नाटक झालं की येणार आहे. तेव्हा ती बाजूला झाली आणि मला आत घेतलं.

आता तू म्हणशील, आई, शेवट मिळाला. तुझ्या नाटकाचं तू आणि तुझे सर बघा. काम करायचं असेल तर कर, सोडायचं असेल तर सोड, फक्त कोणतंही कर आणि बोटाला दोरा गुंडाळायचं बंद कर. माझी भीती गेलेली नाही. उद्याही कडी घालणार नाही आणि उद्याही बसचा थांबा चुकणार आहे, उशा वाकड्या शिवल्या जाणार आहेत, हॉटेलातले लोक वाकडी डोकी घेऊन झोपतील. कालवा जागच्या जागीच आहे.

पण मी शब्द देऊन बसलेय, तेव्हा तीन तारखेची बस पकड आणि ये. अर्धं ताट रोज ताजं ठेवायचं म्हणते ती. आलीस की सवयीनं दार ढकलू नकोस. वाजव, आणि बोलावेपर्यंत उभी राहा. वेळ लागतो.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून, तुझ्या मायेची धनीण,
आई